खजिनदार घाटकोपरला गेल्या आहेत

पमूने मागितलेली पहिली वस्तू घोडा होती. लाकडी नव्हे. लाकडी घोडा त्याच्याकडे होता आणि त्यावर बसूनच तो माझ्याकडे आणि लवूकडे, सरदाराने नव्याने ठेवलेल्या मोतद्दारांकडे पाहावं तसा पाहत होता. त्याला श्वास घेणारा घोडा हवा होता.

"श्वास घेणारा घोडा बोरिवलीत मिळत नाही," लवू म्हणाला.

"मग तू हो," पमू म्हणाला.

लवू माझा मावसभाऊ. वय चौदा, मिसरूड फुटल्यासारखं वाटत असल्याने हल्ली आरशासमोर फार वेळ. असला माणूस गुडघ्यांवर रांगत, खिंकाळत, वनमालाकाकूंच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत फेऱ्या मारू लागला आणि चार वर्षांचा पद्मनाभ ऊर्फ पमू त्याच्या पाठीवर बसून टाचा मारू लागला, तेव्हाच मला कळायला हवं होतं की आजची संध्याकाळ आपली नाही. पण मी सोळा वर्षांची होते, अकरावीत होते, आणि मला मुरुडला जायचं होतं.

कॉलेजची सहल मुरुडला निघाली होती. तीन दिवस, समुद्र, जंजिरा. अनुपमाने बसमध्ये माझ्यासाठी खिडकी धरूनसुद्धा ठेवली होती. आईचं म्हणणं, मला जबाबदारी कळत नाही. हा शब्द आई असा उच्चारत असे, की ऐकणाऱ्याला वाटावं मी आजवर दोन-तीन घरं तरी पेटवली असावीत.

"एक संध्याकाळ एक पोर सांभाळून दाखव," ती म्हणाली होती. "लवू सोडून कुणाला मदतीला हाक मारायची नाही. आणि बिल्डिंगमधली एक जरी तक्रार माझ्या कानावर आली, तर मुरुड विसर."

पोर म्हणजे पमू. त्याची आई वनमालाकाकू टेलिफोनच्या ऑफिसात होत्या, काका बदलीवर नागपूरला. काकूंच्या घाटकोपरच्या मामेसासूबाई न्हाणीघरात घसरल्या होत्या, पाय प्लास्टरमध्ये होता, आणि काकू त्यांना बघायला निघाल्या होत्या. आई सोबतीला. दोघींचे चेहरे अगदी प्रसंगाला शोभतील असे. हातात मोसंब्यांची पिशवी. मला एवढंच खटकलं, की पाय मोडलेल्या म्हातारीला बघायला जाताना दोघींनी अबोलीचे गजरे का माळावेत.

"आजारी माणसाला बरं वाटतं," आई म्हणाली आणि चप्पल पायात सरकवून नाहीशी झाली.

काकू जिन्यावरून सूचना देत उतरल्या. पाच वाजता पाणी येईल, पिंप भरून घे. सहाला वरणभात. "फार शांत आहे हो तो. फक्त त्याचं ऐकायचं, बस."

आता, ऐकण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आमच्या घरात ऐकण्यावरच सगळं चालतं. आई सावंतवाडीकडची, तिच्या तोंडी ओव्या अशा, की भाजी चिरताना भाजीला ओवी, नळ गेला तर नळाला ओवी. ती सवय मलाही लागलेली. पण पमूचं ऐकणं ही वेगळी साधना होती. वरणभाताचा पहिला घास चिऊचा, दुसरा काऊचा, हे जगभर चालतं. पमूकडे ज्याचा घास, त्याने स्वतः हजर व्हावं लागे. दारातून. कडी वाजवून.

म्हणजे मी घास कालवून बसायचं, लवूने बाहेर जायचं, कडी वाजवायची, "पोस्टमन" म्हणायचं, आत यायचं, नमस्कार करायचा, मग घास. नंतर दूधवाला. मग इस्त्रीवाला, मग हत्ती. हत्ती आला तेव्हा त्याने पायपुसण्यावर पाय पुसले नाहीत म्हणून पमूने घास थुंकला आणि हत्तीला परत पाठवलं. भिंतीवर वरण उडालं. मला मनातल्या मनात ओवी सुचली:

पहिली माझी ओवी गं, शेजीच्या तान्ह्याला,
एका घासापायी हत्ती उभा केला जिन्याला.

कडी वाजून वाजून खालच्या शांताबाई वर आल्या. शांताबाई तळमजल्यावर एकट्या राहत आणि बिल्डिंगमधल्या सर्व मुलांच्या वाढीबद्दल त्यांची मतं होती.

"काय गं, कोण कोण येतंय मघापासून? आई घरी नाही ना तुझी?"

"कोणी नाही हो. हत्ती आला होता," लवू म्हणाला. वाट लागली. 'आई घरी नसताना' एवढेच शब्द शांताबाईंच्या तोंडून आईच्या कानी गेले असते, तरी मुरुड बुडालं असतं.

तेवढ्यात मागच्या गावठाणातून बँड वाजला. आमची सोसायटी गावठाणाला पाठ लावून उभी आहे. गावठाणात ऑलिव्ह आँटीच्या लेकीचं, आयरीनचं लग्न होतं उद्या, मांडव पडला होता, आणि बँडवाले कॉर्नेट लावून बघत होते. पमूने घास तोंडात तसाच धरला, डोळे मिटले आणि म्हणाला, "मला तो पाहिजे."

"काय?"

"बँड."

तो उघडाच गावठाणाकडे निघाला, पायात एकच मोजा. त्याला कसाबसा ओढून आणला, तर त्याने असा सूर लावला की बँड तिकडे थांबला. मग आम्हीच बँड झालो. लवूने परातीवर लाटणं धरलं, मी रॉकेलच्या नरसाळ्यात तोंड घालून फुंकलं. माझ्या स्वाभिमानाचं त्या नरसाळ्यात काय झालं ते मी सांगणार नाही. वरच्या मजल्यावरून कुणीतरी जमिनीवर पाय आपटला. ही दुसरी तक्रार.

"ह्याला दृष्ट लागलीय," शांताबाई निघता निघता परत फिरल्या. "असं किरकिरं नव्हतं हो हे पोर. मीठ-मोहरी-मिरच्या घे, ओवाळ, तव्यावर टाक. ठसका आला नाही, तर समज जबर दृष्ट. आला, तर नाहीच."

सोळा वर्षांच्या मुलीने काय करावं? कॉलेजात आम्ही अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं ठोकत होतो. पण ते कॉलेज होतं आणि हा पमू होता. मी ओवाळलं, 'आल्यागेल्याची, भुताखेताची' असं पुटपुटलं, आणि लवूला मिरच्या टाकायला सांगितल्या. लवूला स्वयंपाकघरातलं प्रमाण ठाऊक नाही. त्याने मूठभर टाकल्या.

ठसका तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. म्हणजे शास्त्राप्रमाणे पमूला दृष्ट अजिबात लागलेली नव्हती. तो मुळातच तसा होता.

मी गॅस बंद केला, पमूला उचललं, आणि शांताबाईंसह आम्ही चौघं डोळे चोळत, शिंकत, खोकत जिन्यावर आलो. वाऱ्याने दार मागे धाडकन लागलं. लॅच. किल्ली आत. गॅस बंद होता, हे खरं. नळ बंद नव्हता. पाचला आलेलं पाणी पिंपात पडत होतं, आणि पिंप, दाराला कान लावल्यावर कळलं, केव्हाच भरलं होतं.

आता आमच्या सोसायटीची एक पद्धत सांगायला हवी. प्रत्येक घराची एकेक जादा किल्ली जिन्याखालच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवलेली असे. चांगली पद्धत. ह्या पद्धतीचे जनक सेक्रेटरी कुंडलिकराव. ते नोकरीतून निवृत्त झाले होते, पण नोकरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. मी पमूला काखोटीला मारून त्यांच्यापुढे उभी राहिले. मदतीला हाक मारायची नाही ही आईची अट इथेच मोडली. पण आईने पाण्याबद्दल काही म्हटलं नव्हतं.

"कपाटात किल्ली आहे," कुंडलिकराव म्हणाले. "अवश्य आहे."

"मग द्या ना."

"कपाटाची किल्ली माझ्याकडे नाही. मागे कुणीतरी न विचारता पंपरूमची किल्ली काढली, तेव्हापासून ठराव झाला. कपाटाचा ताबा खजिनदारांकडे."

"खजिनदार कोण?"

त्यांनी माझ्याकडे, ज्या नागरिकाला स्वतःच्या सोसायटीचा खजिनदार माहीत नाही अशा नागरिकाकडे पाहावं, तसं पाहिलं. "वनमालाबाई. पण खजिनदार घाटकोपरला गेल्या आहेत."

"काका, ज्यांचं घर बंद झालंय त्याच वनमालाकाकू."

"तेच म्हणतोय मी. त्या आल्या की कपाट उघडतील, किल्ली काढतील, घर उघडतील."

"कपाट फोडू या," लवू म्हणाला.

"कपाट सोसायटीचं आहे. ते फोडायला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. सभेची नोटीस काढावी लागते. आणि नोटिशीचे छापील कागद," ते क्षणभर थांबले, स्वतःच्याच व्यवस्थेच्या सौंदर्याने त्यांना भरून आलं असावं, "कपाटात आहेत."

एव्हाना पाणी दाराखालून निघून जिना उतरायला लागलं होतं. शांत, सावकाश, एकेक पायरी. शांताबाईंनी खालच्या कठड्यावर पोह्याचे पापड वाळत घातले होते. पापडांच्या बाबतीत मला फार बोलायचं नाही. ते पुन्हा पोहे झाले एवढंच.

"येऊ दे तुझी आई," शांताबाई म्हणाल्या.

"येऊ देत," कुंडलिकराव म्हणाले. "जिन्याची सफाई कुणाच्या खर्चाने?"

तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थही नाकाला रुमाल लावून खाली आले आणि त्यांच्या शेजारी उभे राहिले. आईची वाट पाहणाऱ्यांची ती रांग बघून डोळ्यांपुढे अनुपमा आली, बसच्या खिडकीत, माझ्या जागेवर दुसऱ्याच कुणाला तरी बसवून घेत.

लवूला शौर्याचा झटका आला. तो पाइपावरून काकूंच्या गॅलरीत चढायला निघाला, खिडकीवरच्या छज्ज्यापर्यंत पोचला, आणि तिथे त्याच्या लक्षात आलं की वर जायला हात पुरत नाही आणि खाली यायला धीर पुरत नाही. खाली पमूने टाळ्या पिटल्या.

"आता पोपट हो," तो म्हणाला.

लवूने छज्ज्यावरून पोपट केला. केला, कारण पमूने भोकाड पसरलं असतं तर आणखी एक मजला खाली आला असता. मी रडायच्या बेतात होते. मी डोळे पुसले आणि पाहिलं, तर पमू जागेवर नाही.

सोसायटीच्या मागच्या अंगाला जुनी विहीर आहे. तिच्यावर लोखंडी जाळीचं झाकण आणि झाकणाला कुलूप, म्हणून मुलं पडण्याची भीती नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी मी जशी धावले तशी कधी धावले नव्हते. पमू झाकणावर मांडी घालून बसला होता.

"मी राजा," तो म्हणाला. "ही माझी विहीर. मी उठणार नाही."

मी त्याच्याजवळ मटकन बसले.  त्याने आपला एकुलता एक मोजा काढून मला दिला, डोळे पुसायला. राजांच्या मनातलं कळत नाही.

आणि मग बँड आला. ह्या खेपेला खरा.

गावठाणातल्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी आणतात. बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, कळशा भरतात, आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. त्यांची क्रुसाजवळची विहीर रस्ता रुंद करणाऱ्या कंत्राटदाराने पावसाळ्याआधी डबर टाकून बुजवली होती. आमची ही विहीर कधीकाळी ऑलिव्ह आँटीच्या नवऱ्याच्या, म्हणजे बेनेडिक्ट अंकलच्या, वडिलांच्या वाडीतली. जमीन सोसायटीला गेली तशी तीही गेली. उरलेली ती एवढीच. म्हणून वरात आमच्या फाटकातून आत आली. पुढे कॉर्नेट आणि ढोल, मागे तांबड्या लुगड्यांची नदी, डोक्यांवर पितळी कळशा, कळशांत फुलं. कलत्या उन्हात ते पितळ असं पेटलं होतं, की माझी तक्रार क्षणभर माझ्याच ध्यानातून गेली.

कुंडलिकराव आडवे आले. वाजंत्री थांबली.

"हरकत काही नाही," ते म्हणाले. "सोसायटी सलोख्याच्या बाजूने आहे. पण विहिरीला कुलूप आहे, आणि किल्ली कपाटात."

"मंग कपाट उघडा ना, बाबा," ऑलिव्ह आँटी म्हणाल्या.

"कपाटाची किल्ली खजिनदारांकडे. खजिनदार घाटकोपरला गेल्या आहेत."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. ढोलवाल्याने ढोल खाली ठेवला.

"हे बघा," कुंडलिकराव जिन्याकडे हात करून म्हणाले, "पाणीच हवं असेल तर ते तिथे वाहतंय. हवं तेवढं भरा."

"नलाच्या पाण्यानं कोण न्हातं लग्नाची पोर?" ऑलिव्ह आँटीचा आवाज एकदम खाली आला. "माझी सासू ह्याच बावीच्या पाण्यानं न्हाली. मी न्हालू. दिवस बुडाया आला. आयरीन तिकडं पाटावर बसलीय वाट बघत."

 बेनेडिक्ट अंकलनी डोक्यावरची हॅट काढली आणि जाळीतून खाली पाण्याकडे पाहत राहिले. ते भांडले असते तर बरं झालं असतं.

मला तेव्हा संताप आला, आणि तो सगळा वनमालाकाकूंवर. मी म्हटलं, चांगलं मोठ्याने, "आम्ही इथे मरतोय, नवरी तिकडे कोरडी बसलीय, आणि त्या मजेत असतील घाटकोपरला, म्हातारीला मोसंबी सोलून देत."

दुसऱ्या रांगेतल्या एका बाईने पदर नाकापर्यंत ओढला आणि ती हळूच तिसऱ्या रांगेत गेली.

"ते आईचे पाय आहेत," पमू म्हणाला.

"गप रे. आई घाटकोपरला आहे."

"आईचेच आहेत," तो शांतपणे म्हणाला. चार वर्षांच्या माणसाचं जग पायांच्या उंचीवर असतं. त्याला चेहऱ्यावरचा पदर काय फसवणार. "आई, मी विहिरीचा राजा आहे."

 मग तांबड्या लुगड्यातल्या त्या बाईने डोक्यावरची कळशी खाली ठेवली, पदर मागे सारला, आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडवला. केसात तोच अबोलीचा गजरा.

"कुंडलिकराव," वनमालाकाकू म्हणाल्या, "खजिनदार परत आल्या आहेत."

मी आता काय बघायचं राहिलं म्हणून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. तिथे आमची आई होती. जबाबदारी ह्या शब्दाची सर्वाधिकारी. उसन्या तांबड्या लुगड्यात, डोक्यावर कळशी, आणि पाय, बँड थांबला तरी, अजून थोडेसे तालावर. मोसंब्यांची पिशवी ऑलिव्ह आँटीच्या लहानग्या भाचीच्या हातात होती. त्यातलं मोसंबं भाची खात होती.

"मामेसासूबाई कशा आहेत?" मी विचारलं.

"बऱ्या आहेत," आई म्हणाली. "चालायला लागल्या."

"नाचायलासुद्धा लागल्या वाटतं."

आई जवळ आली. कळशीमुळे तिला मान हलवता येत नव्हती, त्यामुळे ती जे बोलली ते सरळ समोर बघून बोलली. "हिला चार वर्षांत एक संध्याकाळ मिळाली नाही गं. ऑलिव्ह दरवेळी बोलावते. पमूला घेऊन आलो असतो तर काय झालं असतं, ते तुला सांगायला हवं का आता? आणि खरं सांगून निघालो असतो, तर ह्या जिन्याने आम्हाला जाऊ दिलं असतं? पोर टाकून नाचायला गेली म्हणून वर्षभर पुरवून खाल्लं असतं."

जिना समोरच उभा होता. ओले पापड घेऊन शांताबाई, बखोटीला फाइल मारलेले कुंडलिकराव, रुमालवाले गृहस्थ. आणि छज्ज्यावरून लवूचा बारीक आवाज, "मावशी, मला उतरवा ना."

"कुणाची काही तक्रार आहे?" आईने विचारलं.

शांताबाईंनी पापडांकडे पाहिलं, मग आईच्या लुगड्याकडे, मग बँडवाल्यांकडे. मला वाटलं, झालं, मुरुड गेलं. पण शांताबाईंनी पापडांचं ताट कठड्यावर ठेवून दिलं. "तक्रार कसली," त्या म्हणाल्या. "मला एक कळशी द्या. माझं लग्न झालं तेव्हाही विहिरीवरनंच पाणी आणलं होतं आमच्यात."

एकाच जुडग्याने कपाट उघडलं, कपाटातून दोन किल्ल्या निघाल्या. एकीने काकूंचं घर उघडलं आणि नळ बंद झाला. दुसरी विहिरीची, पण विहिरीवर राजे बसलेले. ते आईच्या विनवणीला उठेनात, काकूंच्या धपाट्याला उठेनात. शेवटी बेनेडिक्ट अंकल खाली वाकले आणि खांदा पुढे करून म्हणाले, "चढ, बाबू. हा घोरा श्वास घेतो."

पमू चढला.

झाकण उघडलं. कळशा आत सोडल्या. गावठाणातल्या बायकांनी त्यांचं गाणं धरलं, आणि ते थांबलं त्या जागी माझ्या आईने, कुणी न सांगता, ओवी उचलली:

विहिरीचं पाणी गं, दोरावाचून चढेना,
लेकीच्या न्हाणावाचून शेजीचा पाय निघेना.

ऑलिव्ह आँटीला तिचे सगळे शब्द कळले असतील असं नाही, पण दुसऱ्या ओळीला त्यांनी ठेका दिला. वनमालाकाकू दोर ओढत हसत होत्या, असं हसताना मी त्यांना जिन्यात कधी पाहिलं नव्हतं. आईलाही. माझी आई गाते हे मला ठाऊक होतं, ती गिरकी घेते हे नव्हतं. मला फार राग आला. राग येणं आवश्यकच होतं, कारण डोळे का भरून आलेत ह्याला दुसरं काहीतरी कारण द्यायला हवं होतं.

लवूला मांडवाच्या शिडीने उतरवलं. ढोलवाल्याने त्याला ढोल दिला तेव्हा तो जरा माणसात आला.

मुरुडबद्दल त्यानंतर घरात एक शब्द निघाला नाही. निघायच्या आदल्या दिवशी माझ्या पिशवीवर घडी घातलेला स्वेटर ठेवलेला होता, एवढंच.

पण माणसाची सवय जात नाही. पुढे मैत्रिणीकडे अभ्यासाला राहायचं निघालं, तेव्हा आईने भाजी चिरता चिरता सुरी बाजूला ठेवली, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "तुला अजून जबाबदारी..."

शेजारी लवू पोहे खात बसला होता. त्याने मान वर केली नाही. फक्त बशीवर चमच्याने हलकेच, त्या संध्याकाळच्या बँडचा ठेका धरला.

आईने सुरी उचलली. "जेवून जा," ती म्हणाली.